डावा हात घाणीचा: प्लेग्राउंडमध्ये मेटल डिटेक्टर फिरवताना जंतूंपासून कसं वाचायचं

पहिल्या उन्हाळ्यात मी एक गाढवपणा केला होता, तोच आधी सांगतो. शनिवारी सकाळी घराजवळच्या मैदानात तीन तास मेटल डिटेक्टर, म्हणजे मातीतला धातू शोधणारं मशीन, फिरवला, बऱ्यापैकी क्वार्टर (पंचवीस सेंटची नाणी) मिळाले, कुठल्यातरी पोराची हॉट व्हील्सची छोटी खेळण्यातली गाडी मिळाली, आणि घरी येऊन हे सगळं मी वरणाच्या पातेल्यात टाकून किचनच्या सिंकमध्ये धुतलं. नंतर पातेलं घासलं, म्हणजे माझ्या मते घासलं. दुपारी बायकोला त्याच्या काठाला चिकटलेली लाकडाची ढलपी दिसली आणि पुढचं काही मी लिहीत नाही. ते पातेलं आता गराजमध्ये असतं, नाणी धुवायला, कायमचं.

मी न्यू जर्सीत राहतो. इथल्या छोट्या मुलांच्या मैदानांना डिटेक्टरवाले टॉट लॉट म्हणतात, म्हणजे एक घसरगुंडी, दोन-चार झोके, चढायला जाळी आणि खाली जाड थर ढलप्यांचा नाहीतर वाळूचा. नवशिक्यासाठी यासारखी जागा नाही, कारण जमीन खणावीच लागत नाही, पोरं उलटी लटकतात, बाप घसरगुंडीवरून घसरतात, खिशातलं सगळं खाली, आणि ढलप्या बाजूला सारल्या की नाणं हातात. पण ज्या कारणाने नाणं तिथे आत जातं त्याच कारणाने बाकीचंही जातं. वापरलेलं बँडएड, डायपरचा तुकडा, अर्धवट खाल्लेलं चीज, मांजराची शी, रात्री येणाऱ्या रकून या जंगली प्राण्याची शी, आणि रात्री येऊन बसणाऱ्या मोठ्या पोरांनी टाकलेलं काय काय. वरून स्वच्छ दिसतं कारण ढलप्या सगळं पोटात घेतात.

जायच्या आधी एक. टाउनच्या किंवा काउंटीच्या पार्क खात्याला फोन करून परवानगी लागते का ते विचारा, प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा असतो. आणि भारतातून कोणी वाचत असेल तर, तिकडे हे इतक्या सहज करायला जाऊ नका, १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे आणि जमिनीत लपलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. दहा रुपये, हो. नाशिकला रामकुंडावर दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढणाऱ्या पोरांना हे कोणी सांगितलेलं दिसत नाही, असो.

आता मुद्दा. बहुतेक लोक नाण्यावरच्या जंतूंना घाबरतात आणि हाताकडे बघत नाहीत. नाणं स्वतः उडून तुमच्या तोंडात येत नाही, हात जातो. मैदानात बसल्यावर तासाभरात आपण किती वेळा चष्मा वर करतो, नाक पुसतो, फोन काढतो, पाण्याची बाटली उघडतो हे एकदा मोजून बघा, मी मोजलं होतं आणि मला लाज वाटली. आणि ग्लोव्हज घातले की माणूस जास्तच बिनधास्त होतो, त्याच ग्लोव्हने घाण उचलतो आणि त्याच ग्लोव्हने फोन. ग्लोव्हला खाज येत नाही एवढाच काय तो फरक, घाण त्यालाही तितकीच लागते.

यावरचा उपाय आपल्या घरात आधीपासून आहे. उजवा हात जेवायचा, डावा कशाचा ते सगळ्यांना माहीत आहे. डिटेक्टर बहुतेकांच्या उजव्या हातात असतोच, त्यामुळे उजवा हात स्वच्छ ठेवायचा, जमिनीला लावायचाच नाही. फोन, बाटली, चष्मा, टिश्यू, गाडीची किल्ली, सगळं उजव्या बाजूच्या खिशात आणि उजव्याच हाताने. खाली वाकून जे काही करायचं ते डाव्याने, पिनपॉइंटर (नेमकी जागा दाखवणारा हातात धरायचा छोटा डिटेक्टर) डाव्या बाजूला लटकवलेला, छोटा प्लॅस्टिकचा स्कूप डाव्या हातात, पाउच डाव्या कमरेला. डावखुऱ्यांनी उलटं करा. ढलप्यांमध्ये दोन्ही हात लागतील असं खोल काही नसतं, एका हाताने आरामात होतं, पहिले दोन-तीन दिवस हात चुकतो मग सवय होते. सकाळी थंडीत नाक गळतं तेव्हा खरी परीक्षा असते.

डाव्या हातात मी दोन ग्लोव्हज घालतो, आत पातळ नायट्राइलचा डॉक्टर घालतात तसला आणि वर बागकामाचा, तळव्याला रबराचा थर असलेला. वरचा काटेकुटे आणि ढलप्यांच्या कुसळांसाठी, आतला ओलाव्यासाठी, कारण वरचा पाठीकडून कापडाचा असतो आणि सकाळच्या दवात भिजतो. पण यातला एकही सुई अडवत नाही हे डोक्यात पक्कं ठेवा, सुयांचं पुढे येतंय. गुडघ्यांना पॅड लावा किंवा जुनी योगा मॅट कापून घ्या, उघड्या गुडघ्याने टेकू नका. शॉर्ट्स आणि चप्पल घालून जाणारे मी बघितलेत, वाळूच्या मैदानात तर हे अजिबात नको, कुत्र्या-मांजरांच्या हुकवर्मच्या अळ्या वाळूतून थेट उघड्या कातडीत शिरतात, मग पायावर लाल वळवळती रेघ उठते आणि खाजून खाजून जीव जातो. त्यासाठी तोंडात काही जावंच लागत नाही.

जंतांचं थोडं सविस्तर सांगतो कारण इथे सगळ्यांचा अंदाज उलटा असतो. ताजी शी दिसली की आपण लांब होतो आणि जुनी, वाळून गेलेली, किंवा पावसाने धुऊन गेलेली जागा आपल्याला स्वच्छ वाटते. कुत्र्या-मांजरांमध्ये टॉक्सोकारा नावाचा गोल जंत असतो, त्याची अंडी शीतून बाहेर पडतात तेव्हा लगेच लागण करत नाहीत, मातीत दोन ते चार आठवडे गेले की मग ती लागण करण्याजोगी होतात, आणि मग महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतात. म्हणजे जिथे शी दिसतेय तिथे तुम्ही हात घालणारच नाही, धोका आहे तो जिथे आता काहीच दिसत नाही तिथे. पोटात गेली तर अळ्या शरीरभर फिरतात, लिव्हर, फुप्फुस, क्वचित डोळ्यात. बऱ्याच जणांना काहीच त्रास होत नाही, पण माती तोंडात घालणाऱ्या लहान मुलांना होऊ शकतो.

रकूनचा जंत याच्याही वरचा. बायलिसॅस्करिस त्याचं नाव, अंड्यांना तेवढेच दोन-चार आठवडे लागतात, लागण फार क्वचित होते पण झाली तर मेंदूपर्यंत जाते. बरं रकून एका बाबतीत शिस्तीचा प्राणी आहे, तो रोज त्याच ठरलेल्या जागी शी करतो, झाडाच्या बुंध्याशी, आडव्या पडलेल्या ओंडक्यावर, लाकडांच्या ढिगावर, डेकवर. त्यामुळे मैदानात गेल्यावर आधी पाच मिनिटं डिटेक्टर बंद ठेवून नुसती फेरी मारा, कडेचे ओंडके, झाडाखालचे कोपरे, खेळघराचा माथा बघा, आणि काळपट ढीग दिसला, त्यात बिया किंवा बेरी दिसल्या, तर तो अख्खा कोपरा सोडून द्या. तिथे सोन्याची अंगठी वाजत असली तरी. पार्कवाल्यांना कळवा, हे साफ करायचं काम आपलं नाही, ही अंडी ब्लीचलाही दाद देत नाहीत, उकळतं पाणी किंवा आगच लागते.

मांजराच्या शीतला टॉक्सोप्लाझ्मा मात्र वेगळा, तो एक ते पाच दिवसांतच लागण करण्याजोगा होतो. घरात कोणी गरोदर असेल तर तिने या कामात यायचं नाही आणि तुमची पाउचसुद्धा तिने धुवायची नाही.

आता सॅनिटायझर. प्रत्येकाच्या गाडीत ती छोटी बाटली लटकलेली असते आणि ती लावली की आपण शुद्ध झालो असं वाटतं. साठ टक्के किंवा जास्त अल्कोहोल असेल तर ती बऱ्याच जंतूंना मारते, पण हात मातीने माखलेले असतील तर नीट काम करत नाही, आणि जंतांची अंडी अल्कोहोलने मरत नाहीत, डायपरमधून येणारा, जुलाब-उलट्या करणारा नोरोव्हायरससुद्धा त्याला फारसा जुमानत नाही. इथे मारणं नाही, धुऊन काढणं महत्त्वाचं आहे. साबण, वाहतं पाणी आणि वीस सेकंद चोळणं, नखांच्या खाली आणि अंगठ्याच्या मागे विशेष. मैदानातल्या नळावर भरवसा ठेवू नका, थंडीत इथे ते बंद करून ठेवतात. मी डिकीत दोन लिटरचा कॅन आणि साबणाची पंपाची बाटली ठेवतो, आधी ओल्या वाइप्सने ढोबळ माती काढायची, मग साबण, मग पाणी. ग्लोव्ह काढताना मनगटाकडून पकडून उलटा करत काढा म्हणजे बाहेरची बाजू आत जाते. नखं कापलेली असू द्या. आणि हात धुवायच्या आधी स्टिअरिंगला हात लावू नका, मी ते करायचो आणि मग धुतलेला हात परत त्याच स्टिअरिंगवर.

खाणं-पिणं मैदानात नकोच. थर्मासमधला चहा गाडीत बसून प्या, हात धुतल्यावर. खिशात चकली ठेवणारे आपले लोक आहेत, मीच होतो.

सुया. यावर मी जरा कडक आहे. पहिला गैरसमज असा की सुई असेल तर डिटेक्टर वाजेलच ना. नाही. इंजेक्शनची सुई बारीक स्टेनलेस स्टीलची असते, तिचा सिग्नल अगदी कमजोर येतो किंवा येतच नाही, आणि तुम्ही डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूवर न वाजण्याची सोय, लावून खिळे-लोखंड गाळत असाल तर ती त्यातच गळून जाते. म्हणजे मशीन गप्प आहे म्हणून जागा सुरक्षित असं काही नसतं. नियम एकच, जिथे डोळ्याला दिसत नाही तिथे बोट घालायचं नाही. आधी स्कूपने किंवा छोट्या प्लॅस्टिकच्या दाताळ्याने ढलप्या पसरवा, बघा, मग नाणं स्कूपमध्येच घ्या, हलवा, ढलप्या गाळा, आणि मगच हात लावा. भोकं असलेला स्कूप घ्या, पीठ चाळल्यासारखं होतं. घसरगुंडीच्या खालची अंधारी जागा, खेळघराचे कोपरे आणि बाकांच्या मागची पट्टी इथे जास्त सांभाळून, रात्री बसणारे तिथेच बसतात.

सुई दिसली तर पार्कच्या पाटीवर जो नंबर असतो त्यावर किंवा पोलिसांच्या इमर्जन्सी नसलेल्या नंबरवर कळवा आणि ते येईपर्यंत पोरांना तिकडे जाऊ देऊ नका. कोणी येणारच नसेल आणि उचलणं भागच असेल तर लांब चिमटा पाहिजे, आणि कपडे धुवायच्या लिक्विडची रिकामी जाड प्लॅस्टिकची बाटली. बाटली जमिनीवर ठेवा, हातात धरू नका, सुई चिमट्याने टोकाची बाजू लांब धरून आत टाका, झाकण घट्ट लावा. सुईचं टोपण परत लावायचा प्रयत्न करू नका, तिथे बऱ्याच जणांना टोचतं. एक सुई सापडली म्हणजे त्या दिवसापुरतं ते मैदान संपलं असं मी धरतो, एक आहे तिथे दुसरीही असते.

टोचलीच तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, दाबून रक्त काढत बसू नका, चोखू तर मुळीच नका, आणि सरळ इमर्जन्सी रूममध्ये जा, सोमवारी बघू असं नाही. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि जितक्या लवकर तितकं चांगलं. बाहेर पडलेल्या सुईतून एचआयव्ही होण्याची शक्यता फार कमी असते, घाबरून जायचं कारण नाही, पण हेपटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहतो, त्यामुळे त्याची लस घेतलेली आहे का ते आधीच तपासून ठेवा. आपल्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी लहानपणी घेतलेली नसते, तेव्हा ती सरकारी यादीतच नव्हती.

सुईवरून धनुर्वात. गंजका खिळा लागला की धनुर्वात होतो असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय, पण गंजाचा काही संबंध नाही. क्लॉस्ट्रिडियम टेटनीचे बीजाणू मातीत आणि शेणात असतात, त्यांना ऑक्सिजन नसलेली जागा लागते, आणि खोल बारीक भोक पडलं की ती आयती मिळते, खिळा चकचकीत असला तरी. म्हणून वरवरच्या मोठ्या खरचटण्यापेक्षा छोटं खोल टोचणं जास्त वाईट. मला एकदा झोक्याच्या साखळीच्या तुटलेल्या तारेने अंगठ्यात टोचलं, रक्त थेंबभर आलं, मी चोळून सोडून दिलं आणि रात्री हिशोब करायला बसलो की शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं. आठवेना. पुण्यात कधीतरी स्कूटरवरून पडलो तेव्हा. दुसऱ्या दिवशी फार्मसीत जाऊन टीडॅप, म्हणजे धनुर्वाताची लस, घेतलं, दोन दिवस दंड दुखला. नियम असा की दर १० वर्षांनी बूस्टर, आणि घाणेरडी जखम झाली आणि शेवटच्या डोसला ५ वर्षं होऊन गेली असतील तर तेव्हाही लगेच. लहानपणीचे डोस पूर्ण झाले का हेच माहीत नसेल तर तसं डॉक्टरला सांगा, ते वेगळं बघतात. तारीख फोनमध्ये लिहून ठेवा.

डबकी टाळा. झोक्याखाली पोरांच्या पायांनी खड्डा पडतो आणि पाणी साठतं, नाणीही तिथेच जास्त असतात म्हणून मोह होतो. २००५ च्या २६ जुलैनंतर मुंबईत लेप्टोने काय केलं ते आपल्याला माहीत आहे, उंदराच्या मुताचं पाणी आणि पायाला छोटीशी जखम एवढं पुरतं, आणि उंदीर न्यूयॉर्क-न्यू जर्सीत काही कमी नाहीत. वाळेपर्यंत थांबा, नाणं कुठे पळत नाही.

गोचीड इथे फार. मैदानाच्या कडेला जिथे गवत आणि झाडी सुरू होते तिथे जास्त, आणि लाइम आजार पसरवणारी पिल्लं तर खसखशीएवढी असतात, अंगावर तीळ आहे की गोचीड कळत नाही. पँट मोज्यात खोचा, दिसायला वाईट दिसतं, खोचा. घरी आल्यावर कपडे आधी ड्रायरमध्ये हायवर दहा मिनिटं फिरवा मग धुवा, उलटं करू नका, गोचीड पाण्याने मरत नाही, कोरड्या उष्णतेने मरते. काखा, गुडघ्याची मागची बाजू, कानाच्या मागे बघा. चावलेली असेल तर टोकदार चिमट्याने कातडीच्या अगदी लगत पकडून सरळ वर ओढा, रॉकेल, काडी, तेल वगैरे गावठी प्रयोग नकोत.

अजून एक, जंतू नाही पण हातालाच लागतं म्हणून. जुन्या मैदानांतली हिरवट लाकडी खेळणी आर्सेनिकच्या द्रावणाने मुरवलेली असायची, २००३ च्या शेवटापासून तसं लाकूड खेळण्यांसाठी बनवणं थांबलं, पण जुनी अजून कुठे कुठे उभी आहेत आणि खांबांच्या बुडाशी मातीत ते झिरपलेलं असतं. खांबाला चिकटून खोल उकरू नका, आणि हात धुणं आहेच.

पोरं येतातच. कितीही सकाळी जा, सव्वासातला एखादा झोप न येणारा पोरगा आणि त्याचा पेंगुळलेला बाप हजर असतो आणि पोरगा विचारतो काय सापडलं. नाणं दाखवा, लांबून दाखवा, त्याच्या हातात देऊ नका, तो ते तोंडात घालेल. त्यातून १९८२ नंतरच्या पेनीमध्ये, म्हणजे एक सेंटच्या नाण्यात, ९७.५ टक्के जस्त आहे, वर नुसता तांब्याचा मुलामा, मातीत ती कुजून भोकं पडतात आणि अशी पेनी गिळली तर पोटात जस्त सुटतं. आता तर ती पाडणंच बंद झालं, शेवटची २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये फिलाडेल्फियात निघाली, पण ढलप्यांमध्ये आहेत तेवढ्या मला जन्मभर पुरतील. उकरलेल्या ढलप्या परत जागेवर ओढा, त्या शोभेला नसतात, साधारण नऊ इंचांचा थर असला तरच वरून पडलेलं पोर वाचतं. निघालेल्या काचा, खिळे, झाकणं पाउचच्या दुसऱ्या कप्प्यात आणि तिथून कचऱ्यात.

घरी. आईचा नियम होता, बाहेरून आलं की पाय धुतल्याशिवाय आत नाही, तो इथे जसाच्या तसा लावा. बूट, गुडघ्याचे पॅड, पाउच, स्कूप, सगळं डिकीतल्या प्लॅस्टिकच्या टबमध्ये, टब गराजमध्ये, घरात काही येत नाही. कॉइल, म्हणजे डिटेक्टरची जमिनीवरून फिरणारी खालची चकती, ओल्या फडक्याने पुसा, वॉटरप्रूफ असेल तर साबणाने धुवा, कंट्रोल बॉक्स वॉटरप्रूफ आहे की नाही ते पुस्तिकेत बघा, न बघता नळाखाली धरू नका. हेडफोनचे कानाचे पॅड आणि फोन ७० टक्के अल्कोहोलच्या वाइपने. बागकामाचे ग्लोव्हज धुवा, नायट्राइलचे फेका.

नाणी. कोणी म्हणेल तांब्यावर जंतू मरतात, आपण तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवतोच की. खरंय, पण नाण्यावर मातीचा थर असतो आणि जंतू त्या थरात असतात, तांब्याला टेकलेले नसतात. बादलीत पाणी आणि भांडी घासायचा साबण टाकून तासभर बुडवा, हलवा, पाणी बाथरूमच्या फ्लशमध्ये ओता, किचनमध्ये नाही आणि कोथिंबिरीच्या वाफ्यात तर नाहीच. अंड्यांची फारच शंका असेल तर वरून उकळतं पाणी घाला, धातूला काही होत नाही. ब्लीच वापरू नका, नाणी काळी पडतात, चांदीची वाट लागते, आणि ब्लीच मध्ये व्हिनेगर पडलं तर क्लोरीन वायू निघतो, बंद गराजमध्ये हे करणारा शहाणा परत करायला राहत नाही. १९६४ किंवा त्याआधीचं डाइम (दहा सेंट), क्वार्टर दिसलं तर ते चांदीचं, घासू नका, नुसतं पाण्यातून काढा. गाड्या आणि खेळणी साबणाने ब्रश करून, आणि रंग उडालेलं जुनं खेळणं मुलांना देऊच नका, १९७८ च्या आधीच्या रंगात शिसं असू शकतं.

बाकी रोजच्या नाण्यांसाठी टम्बलर, म्हणजे फिरणारा डबा, त्यात नाणी, फिश टँकचे खडे, पाणी आणि थोडा साबण. पेनी वेगळ्या फिरवा नाहीतर बाकी सगळी नाणी गुलाबी होतात आणि बँकेतली बाई वर-खाली बघते. दोन तास पुरतात. आणि रात्री लावू नका, अपार्टमेंटमध्ये असताना मी अकरा वाजता लावला होता, खालचे काका गंजीफ्रॉकवर वर आले होते, त्यांना वाटलं आमचं मिक्सरचं भांडं फुटलं.